गोळीबारात जखमीकडे जाणारा माणूस : फौजेतल्या वैद्यकीय जवानांविषयी

पैनगंगाकाठ

गोळीबार सुरू झाला की जवान आडवा होतो, आडोसा धरतो आणि मग गोळी कुठून आली ते बघतो. हे त्याच्या अंगात इतकं मुरवलेलं असतं की विचार करावा लागत नाही. तेवढ्यात कोणीतरी ओरडतं, अमका पडला. आणि त्या सगळ्या आडव्या माणसांमधून एक जण पडलेल्याच्या दिशेने सरपटत निघतो. ज्या जागेवर आत्ताच एकाला गोळी लागली, ती जागा दुश्मनाच्या नेमात आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी तो तिथंच जातो.

या माणसांवर धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी मेहकर आणि रिसोडच्या मधल्या एका गावात शिक्षक आहे. आमच्या पट्ट्यात फौजेतली माणसं भरपूर. पुलवामात बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले, तेव्हा सगळा भाग बंद होता. पण फौजेतला माणूस म्हटलं की आपल्या पोरांच्या डोळ्यांसमोर बंदूकवालाच येतो. आमच्या गावात आर्मी मेडिकल कोरमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. इतकी वर्षं त्यांच्याकडे लोक बीपी मोजायला जातात, इंजेक्शन घ्यायला जातात. त्यांनी नोकरीत काय केलं, हे कोणी विचारलेलं नाही. मी आता विचारायला लागलोय. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर बसतो. ते कमी बोलतात, पण जे बोलतात ते तोलून.

माझं म्हणणं असं आहे की या माणसाचं शौर्य जखमीपर्यंत पोचण्यात अर्धंच दिसतं. उरलेलं अर्धं पोचल्यावर सुरू होतं. धाव घ्यायला काही क्षणांची हिंमत पुरते. नंतर मात्र त्याला पाठ दुश्मनाकडे करून बसायचं असतं, गणवेश कापायचा असतो, रक्त कुठून येतंय ते बोटांनी चाचपायचं असतं. समोरून गोळी शिरलेली दिसते ते भोक लहान असतं आणि पाठीमागून निघालेलं कधी मुठीएवढं असतं, म्हणून माणसाला कूस वळवून बघावंच लागतं. हे सगळं करताना हात थरथरून चालत नाही. काका म्हणाले, "भीती पायात राहिली तर चालते, हातात उतरू द्यायची नाही."

एक उदाहरण देतो आणि थांबतो. १८ नोव्हेंबर १९६२, लडाखमधलं रेझांग ला. १६ हजार फुटांहून उंच जागा, चीनशी युद्ध, मेजर शैतानसिंग यांची १३ कुमाऊँ पलटनीतली कंपनी. शंभराहून जास्त जवान लढता लढता गेले. लढाईनंतर हिवाळाभर तिथं कोणी पोचू शकलं नाही. १९६३ च्या सुरुवातीला शोधपथक गेलं तेव्हा जवान होते त्या जागी, होते त्या अवस्थेत गोठलेले सापडले. कंपनीबरोबर मेडिकल कोरचा एक नर्सिंग असिस्टंट होता, सिपाही धरमपाल दहिया. त्याच्या हातात सिरिंज होती आणि पट्टी होती. त्याला मरणोत्तर वीर चक्र मिळालं. शेवटच्या घटकेपर्यंत तो माणूस कुणाला तरी बांधत होता.

तुमच्या गावात, नात्यात असे कोणी असतील तर लिहा. माहिती असेल ती टाका.

खामगावचा_फौजी

मास्तर, चांगला धागा काढला. म्या इन्फन्ट्रीत होतो, मेडिकलमधी नाई. पन ह्या लोकायबद्दल आमच्यापेक्षा जास्त कोन सांगन?

पलटनीत डाक्टर एकच राह्यते, आरएमओ. त्याच्या हाताखाली नर्सिंग असिस्टंट. आमी सगळे त्याले बी 'डाक्टर साब'च म्हनो, मग तो सिपाही का असेना. लखनौले ट्रेनिंग होऊन येत. रोजच्या दिवसात त्याच्याकडं काय काम? कोनाचा पाय मुरगळला, कोनाले जुलाब लागले. पोरं गोळ्या मागाले जात अन् त्याची मस्करी करत. पन पहाडात चढाईले निघालो का त्याच पोरायची नजर फिरून फिरून त्याच्यावर जाये. तो आपल्यासंग आहे ना, एवढं पाह्यलं का माणूस पुढं पाय टाके.

हरेक जवानाच्या खिशात एक फर्स्ट फील्ड ड्रेसिंग राह्यते. नियम असा हाय का जखमी माणसाले त्याच्याच खिशातली पट्टी लावायची, आपली नाई. आपली आपल्यासाठी ठेवायची. हे ऐकाले कठोर वाटते. पन डाक्टर साब हे रोज घोकून घे. तो म्हने, तुमची पट्टी दुसऱ्याले लावली अन् दोन मिनिटानं तुमाले लागली, तं मी काय लावू?

थंडीतलं एक सांगतो. सलाइनची बाटली वरती गोठून जाये. म्हनून तो ती कोटाच्या आत, पोटाशी बांधून फिरे. झोपताना बी अंगाखालीच. त्याचा स्वतःचा चेहरा थंडीनं काळा पडला होता, पन बाटली कोमट राह्यली पाह्यजे. ह्याले कोनी मेडल देत नाई. कागदावर येत नाई हे.

अन् जखमी खाली आणाचा म्हंजे काय, हे बी समजून घ्या. सपाट जमिनीवर चार जनं स्ट्रेचर नेतात. पहाडात आठ लागतात, आलटून पालटून. एका माणसाले खाली न्याले रात्र जाये. तेवढ्या वेळ तो जित्ता ठेवाचा, बोलता ठेवाचा, हे त्या एका माणसाचं काम. त्याच्याशी गावचं बोलत चाले तो. पाऊस पडला का, घरी बैल कोनते हायत, पोळ्याले कोन नेते बैल. जखमीले झोपू द्याचं नाई म्हनून.

कपाशी_२२

नमस्कार सर्वांना. मी भरतीची तयारी करतोय (दिग्रस). सोल्जर टेक्निकलमध्ये नर्सिंग असिस्टंटची जागा असते हे माहीत होतं, पण मित्र म्हणतात तिथं लढाई नसते, हॉस्पिटलमधली नोकरी आहे. आता हे वाचून वेगळंच वाटतंय. मेडिकलवाल्यांकडे हत्यार असतं का? आणि त्यांच्यावर गोळी झाडायची नाही असा काही नियम आहे ना?

इतिहासवेडा_वर्धा

नियम आहे. १८५९ साली उत्तर इटलीत सोल्फेरिनोची लढाई झाली. हजारो जखमी मैदानात तसेच पडून राहिले. आंरी द्युनां नावाचा स्विस व्यापारी योगायोगाने तिथं पोचला आणि आसपासच्या गावातल्या बायकांना हाताशी धरून जखमींना पाणी पाजत, पट्ट्या बांधत राहिला. जखमी कोणत्या बाजूचा हे त्यांनी बघितलं नाही. त्यातून रेड क्रॉस उभी राहिली आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार झाला. आज लागू आहेत ते १९४९ चे करार. त्यांनुसार वैद्यकीय जवानाला मुद्दाम लक्ष्य करता येत नाही. तो स्वतःच्या आणि आपल्या जखमींच्या बचावापुरतं हत्यार बाळगू शकतो. त्याने त्या हत्याराने हल्ला चढवला तर संरक्षण जातं. आणि त्याने शत्रूच्या जखमीवरही तितक्याच निष्ठेने उपचार करायचे असतात.

पण कागदावरचा नियम आणि मैदान यात फार अंतर असतं. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अमेरिकी मेडिक दंडावरची लाल क्रॉसची खूण काढून ठेवत, कारण ती खूणच निशाणा होऊन बसली होती. त्याच युद्धातला डेस्मंड डॉस तर हत्याराला हातही लावत नसे. धर्मश्रद्धेमुळे त्याने बंदूक नाकारली, पण लढाई नाकारली नाही. प्रशिक्षणात बाकीच्यांनी त्याला फार छळलं. मे १९४५ मध्ये ओकिनावाच्या एका उभ्या कड्यावर त्याची तुकडी मागे रेटली गेली आणि जखमी वरच राहिले. हाही वरच थांबला. एकेकाला ओढत कड्यापर्यंत आणायचं, दोराला बांधायचं आणि खाली सोडायचं. ७५ जणांना त्याने असं उतरवलं असं मानलं जातं. त्याला अमेरिकेचं सर्वोच्च पदक मिळालं.

ब्रिटिशांचा व्हिक्टोरिया क्रॉस दोनदा मिळालेली माणसं इतिहासात तीनच. त्यांतले दोघे सैन्यातले डॉक्टर होते: आर्थर मार्टिन-लीक आणि नोएल चॅव्हस. चॅव्हस ऑगस्ट १९१६ मध्ये दिवसभर उघड्यावर शत्रूच्या डोळ्यांसमोर जखमी बघत होता आणि रात्री पुन्हा शत्रूच्या खंदकांसमोरच्या जमिनीत जखमी शोधत फिरला. पुढच्या वर्षी स्वतः जखमी असताना काम सोडलं नाही आणि त्यातच गेला. दोनदा पदक मिळालेल्या तिघांत दोन डॉक्टर निघावेत, यावरून या कामातला धोका कळावा.

कपाशी_२२

धन्यवाद सर. मित्रांना हा धागा पाठवतो.

वैनगंगा

मी आरमोरी तालुक्यातला. माझा भाऊ गडचिरोली पोलिसात आहे, कुठं ते लिहीत नाही. सगळे सरहद्दीबद्दल लिहिताय, म्हणून आमच्या जंगलाबद्दलही लिहावंसं वाटलं.

आमच्याकडे करारबिरार चालत नाही. खुणेचा दंडपट्टा घालून कोणी जंगलात जात नाही. २००९ मध्ये लाहेरीला नक्षल्यांच्या हल्ल्यात १७ पोलीस गेले. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ सुरुंग फुटला, १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. त्या दिवशी सगळीकडे महाराष्ट्र दिन होता. आमच्याकडे गावोगाव चुली पेटल्या नाहीत.

सी-६० ची, म्हणजे गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाची तुकडी जंगलात शिरली की रस्ता संपलेला असतो. रुग्णवाहिका डांबर जिथं संपतं तिथंच थांबते. पुढे कितीतरी कोस पायवाट, नाले, बांबूचं रान. जखमी झाला तर बांबू तोडून, दुपट्टे बांधून डोली करायची आणि हेलिकॉप्टर उतरेल अशा मोकळ्या जागेपर्यंत न्यायचा. तिथून नागपूर. भाऊ सांगतो, हेलिकॉप्टर येईपर्यंतचा वेळ हा सगळ्यात लांब. आवाज ऐकू येतो पण दिसत नाही. त्या वेळात जखमीच्या मांडीवर गुडघा रोवून बसलेला एक जण असतो. तो डॉक्टर नसतो. त्यांच्यातलाच एक शिपाई, ज्याला प्रथमोपचाराचं जास्तीचं शिक्षण दिलेलं असतं. चकमक संपलेली असेलच असं नाही. तो गुडघा काढू शकत नाही, काढला की रक्त पुन्हा सुरू. त्यामुळे त्याला हत्यार उचलता येत नाही, आडोशाला सरकता येत नाही. बाकीचे त्याच्याभोवती कडं करतात.

सीआरपीएफसाठी डीआरडीओच्या इनमास या संस्थेने मोटरसायकलवर बसणारी रुग्णवाहिका बनवली, 'रक्षिता' नावाची, जानेवारी २०२१ मध्ये. असल्या पायवाटांसाठी तीच कल्पना बरोबर आहे. आमच्या भागात गरोदर बाई आजही पावसाळ्यात बाजेवर टाकून नाल्यातून आणतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. जखमी जवान काय आणि बाळंतीण काय, जंगल दोघांना सारखंच अडवतं.

चिखलीकर

लेख आणि प्रतिसाद वाचले. आदर आहेच. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. लढाई जिंकायची तर मारणाराच लागतो. त्याने समोरचं बंकर बंद केलं नाही तर मेडिकलवाला जखमीपर्यंत पोचणार कसा? शिवाय परमवीर चक्राच्या यादीत मेडिकल कोरचा एकही माणूस नाही. सैन्यानेच जो क्रम लावलाय तो आपण का बदलायचा?

खामगावचा_फौजी

भाऊ, क्रम कोनीच नाई लावला. ट्रेनिंगमधी पहिली गोष्ट हेच शिकवतात का गोळीबार चालू असताना आधी जबाबी फायर, मंग जखमी. बंकर बंद करनारा पाह्यजेच. पन बंकरवर जानाऱ्याच्या मनात काय चालते ते मले माहीत हाय, म्या गेलो हाय. मागून डाक्टर साब येऊन राह्यला, हे माहीत असल्यावर माणूस पुढं जाते. तो नसन तं पाय जड होते. तुमी जे म्हनता का मारनारा लागते, त्या मारनाऱ्याले पुढं नेनारा बी लागते.

अन् मेडलचं म्हनसान तं कारगिलात १३ जॅक रायफलचे (जम्मू-काश्मीर रायफल्स) आरएमओ कॅप्टन राजेश अढाऊ होते, त्यायले सेना मेडल मिळालं. कॅप्टन विक्रम बत्रा ज्या पलटनीचे, तीच पलटन. पलटनीतल्या पोरायले विचारा डाक्टर साब काय चीज होते म्हनून.

पैनगंगाकाठ

चिखलीकर, शंका मांडलीत ते बरं केलंत. मेडिकल कोरचं एक नाव तुम्हाला सांगतो : मेजर लैश्राम ज्योतिनसिंग, मणिपूरचे. २६ फेब्रुवारी २०१० ला काबूलमध्ये भारतीय राहत होते त्या अतिथीगृहावर हल्ला झाला. आधी गाडीबॉम्ब, मग हल्लेखोर खोल्या-खोल्यांतून शिरले. मेजर डॉक्टर होते, जवळ हत्यार नव्हतं. ढिगाऱ्यातून बाहेर येऊन त्यांनी एका हल्लेखोराला नुसत्या हातांनी धरलं आणि त्याच्या अंगावरचा स्फोटकांचा पट्टा फुटेपर्यंत सोडलं नाही. आतले सहकारी वाचले. त्यांना मरणोत्तर अशोक चक्र मिळालं. मेडिकल कोरमधलं ते पहिलं अशोक चक्र.

पण मी जे म्हणतोय ते पदकाच्या पलीकडचं आहे. काल काकांना तुमचीच शंका विचारली. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, सगळ्यात अवघड काम गोळीतून जाणं नाही. तीन जण पडलेत आणि तुम्ही एकटे आहात, हे अवघड. जो ओरडतोय त्याच्याकडे पाय ओढतात. पण ओरडणाऱ्याच्या फुप्फुसात हवा आहे, म्हणजे त्याच्याकडे थोडा वेळ आहे. गप्प पडलेल्याकडे आधी जायचं. ओरडणारा तुमच्या ओळखीचा असतो, तुमच्या थाळीत जेवलेला असतो, तो तुमचं नाव घेऊन हाका मारतो आणि तुम्ही त्याला ओलांडून पुढे जाता. आणि कधी कधी गप्प पडलेल्यालाही बघून कळतं की याचं आता काही होणार नाही. मग त्याला सोडून तिसऱ्याकडे. तो अजून जिवंत असतो, डोळे उघडे असतात.

जखमींची अशी वर्गवारी नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याने सैन्यात रुजवली. हुद्दा बघायचा नाही, जखम बघायची, हा त्याचा दंडक. दोनशे वर्षं झाली, पण ठरवणाऱ्या माणसाचं ओझं तसूभर हललेलं नाही. ते घेऊन हे लोक निवृत्त होतात, गावात येतात, आणि आपण त्यांच्याकडे बीपी मोजायला जातो. काकांनी एका नावाचा उल्लेख केला, गावाचा केला, जिल्ह्याचा केला. मग विषय बदलून तुरीवर आले. मीही पुढं विचारलं नाही.

इतिहासवेडा_वर्धा

हा शेवटचा परिच्छेद वाचून थोडा वेळ थांबलो होतो.

आता आपल्या विदर्भाचं एक नाव इथं आलंच पाहिजे. १९३८ मध्ये चीनवर जपानचं आक्रमण चालू असताना काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक तिकडे पाठवलं : अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत, ते १९४२ मध्ये तिथंच वारले. पण पथकातले डॉ. चोळकर नागपूरचे होते हे नागपुरातही किती जणांना ठाऊक असेल? परक्या देशातलं युद्ध, वरून विमानांचे बॉम्ब, औषधांची चणचण. आपलं सैन्य नव्हतं, आपली सरहद्द नव्हती.

दुसरं म्हणजे कोरिया. १९५० मध्ये भारताने तिथं लढाऊ तुकडी पाठवली नाही, ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स पाठवली, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या हाताखाली. पोचल्यावर काही दिवसांतच चिनी फौजांनी मुसंडी मारली आणि प्याँगयाँग सोडायचा हुकूम आला. सामान न्यायला पुरेशा गाड्या नव्हत्या. शस्त्रक्रियेचं सामान टाकून दिलं तर ही तुकडी नुसती माणसांची टोळी उरली असती. त्यांना यार्डात एक वाफेचं इंजिन आणि काही डबे सापडले. जवानांनी रांग लावून बादल्यांनी बॉयलरमध्ये पाणी भरलं, इंजिन चालवता येणारे त्यांच्यातच निघाले, आणि सगळं सामान भरून पूल उडवला जाण्याआधी गाडी नदीपार नेली. मार्च १९५१ मध्ये मुनसान-नी इथं अमेरिकी छत्रीधारी सैनिकांनी उड्या घेतल्या, तेव्हा रंगराज आणि त्यांचे मोजके साथीदार बरोबर उतरले आणि खाली उतरताच शस्त्रक्रिया सुरू केल्या. रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. ही तुकडी १९५४ पर्यंत तिथं होती. जवानांबरोबर कोरियाच्या गावकऱ्यांवरही तिने उपचार केले.

आणखी एक, वैनगंगांसाठी खास. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले कॅप्टन जॉन सिंटन. २१ जानेवारी १९१६, पहिलं महायुद्ध, मेसोपोटेमिया (आजचा इराक). दोन्ही दंडांतून आणि कुशीतून गोळ्या गेल्या, तरी दवाखान्यात जायला नकार देऊन उजेड असेपर्यंत जखमींवर उपचार करत राहिले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धानंतर या माणसाने उरलेलं आयुष्य कशाला दिलं? मलेरियाला. कसौलीला राहून भारतातल्या मलेरियावर त्यांनी मोठं संशोधन केलं. तुमच्या गडचिरोलीतल्या तापाशी लढणाऱ्यांच्या पूर्वजांत हा गोळ्या खाल्लेला डॉक्टर आहे.

वैनगंगा

हे माहीत नव्हतं. भावाला वाचून दाखवतो. त्याला स्वतःला दोनदा मलेरिया झालाय.

सिस्टर_वरुड

मी ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. सगळं वाचत होते, लिहायला आज सवड मिळाली.

सैन्यातल्या या माणसांचं काम किती अचूक असतं ते आमच्या कॅज्युअल्टीत एकदा बघायला मिळालं. सोयाबीनचा हंगाम होता. थ्रेशरमध्ये हात गेलेला एक मजूर ट्रॉलीत टाकून आणला. असे पेशंट आमच्याकडे दर हंगामात येतात. बहुतेकांच्या जखमेत हळद भरलेली असते, वर साडीचा बोळा गुंडाळलेला असतो, बोळा रक्ताने निथळत असतो आणि माणूस पांढराफटक. या पेशंटचा हात कोपराखाली ओळखू येत नव्हता. पण बोळा नव्हता, हळद नव्हती. कोपराच्या वर चार बोटं जागा सोडून शेला बांधलेला, घडी घालून रुंद केलेला. गाठीत ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना अडकवून पिरगाळलेला आणि पान्याचं टोक दुसऱ्या चिंधीने पक्कं केलेलं, सुटू नये म्हणून. दंडावर बॉलपेनने वेळ लिहिलेली : ११.४०. पाय उंच, अंगावर घोंगडी. आमचे डॉक्टर ते बघून म्हणाले, हे बांधणारा कोण? बरोबरच्यांनी सांगितलं, शेजारच्या शेतातले रिटायर फौजी, मेडिकलमध्ये होते. ते स्वतः आले नव्हते. त्यांनी बांधलं, वेळ लिहिली, ट्रॉलीवाल्याला सांगितलं की दवाखान्यात पोचेपर्यंत हे कोणीही सोडायचं नाही, आणि ते परत आपल्या कामाला लागले. हात वाचला नाही. माणूस वाचला, त्याला दोन लहान मुली आहेत.

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दोन लिटर गेलं की जीव धोक्यात. मांडीची मोठी धमनी तुटली तर तेवढं जायला मोजकी मिनिटं पुरतात. म्हणून सैन्याने आपली पद्धत बदलली. आधी आवळपट्टी (जखमेच्या वर हात-पाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा, टूर्निके) हा अगदी शेवटचा उपाय मानत, हात-पाय निकामी होईल या भीतीने. १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी डॉक्टरांनी नवे नियम मांडले : गोळीबार चालू असताना दुसरं काही करत बसू नका, हातापायातून रक्त वाहत असेल तर आवळपट्टी घट्ट बांधा आणि जखमीला आडोशाला ओढा. बाकी सगळं नंतर. पुढच्या युद्धांत याने पुष्कळ जीव वाचले.

आता काही गोष्टी कळकळीने सांगते, कारण हे वाचून उद्या कोणी काहीही बांधेल. आधी जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही हातांनी जोर लावून दाबायचं, बहुतेक रक्त त्यानेच थांबतं. आवळायचं ते दाबूनही थांबत नसेल तरच, आणि फक्त हाताला किंवा पायाला. तार, सुतळी, नाडा वापरायचा नाही, तो मांसात रुततो. सांध्यावर बांधायचं नाही. एकदा बांधलं की मधे सैल करून बघायचं नाही. वेळ लिहायचीच. आणि साप चावला तर हे अजिबात करायचं नाही! आमच्याकडे दर पावसाळ्यात काळानिळा पाय घेऊन माणसं येतात, दोरीने करकचून बांधलेला. सर्पदंशात बांधायचं काही नसतं. हातपाय हलू न देता सरळ दवाखाना गाठायचा.

खामगावचा_फौजी

सिस्टर, ११.४० वाचलं अन् अंगावर काटा आला. आमचा डाक्टर साब जखमीच्या कपाळावर लिहे.

चिखलीकर

सिस्टरताई, हे तुम्ही लिहिलंत ते छापून आमच्या कृषी केंद्रात लावतो. थ्रेशर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाला एक प्रत. पैनगंगाकाठ, तुमच्या काकांना पंचक्रोशीत हे शिकवायला आणता येईल का? माझ्या शंकेचं उत्तर मला मिळालं, पण हे जास्त कामाचं आहे.

कपाशी_२२

दिग्रसहूनही आम्ही पाच-सहा पोरं येऊ. मी फॉर्म भरताना नर्सिंग असिस्टंटच टाकणार आहे. घरी सांगितलं, आई म्हणाली सुई टोचायला घाबरतोस आणि हे काय. शिकेन म्हटलं.

पैनगंगाकाठ

काकांशी बोललो. आधी नाही म्हणाले, भाषण जमणार नाही म्हणून. भाषण नको, हात धरून दाखवा असं म्हटल्यावर तयार झाले. सिस्टर, तुम्हाला सुटी मिळाली तर तुम्हीही या, सर्पदंशाचं तुम्हीच सांगा. काका म्हणाले, नर्सबाई असतील तर मला धीर येईल.

दिवाळीनंतरचा पहिला रविवार ठरवलाय, सकाळी नऊला, आमच्या शाळेच्या पटांगणात. सरपंचांनी होकार दिलाय. थ्रेशरवाले, ट्रॅक्टरवाले, आशाताई, भरतीची पोरं, ज्यांना जमेल त्यांनी यावं. पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. खामगावच्या दादांनी यायचंच आहे, काकांनी पलटन विचारली आहे तुमची.

येताना प्रत्येकाने एक जुना शेला किंवा ओढणी, एक पेन आणि हातभर लांबीची पक्की काठी आणावी. तुराटी नको, ती मोडते.